क्वार्टर मूळ स्थितीत परत करताना

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, वैशाख लागलेला असल्याने या घरात पुढील आदेश होईपर्यंत कोणतीही वस्तू खोक्यात भरली जाणार नाही. सुतळी, बारदान, पुठ्ठ्याची खोकी आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन आत शिरू पाहणाऱ्या इसमास, तो प्रत्यक्ष माझा नवरा असला तरी, उंबरठ्यावरूनच परत पाठवण्यात येईल.

हे निवेदन मी काल सकाळी शाहपुऱ्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दारात उभी राहून, हातात झारा घेऊन, खड्या आवाजात दिलं. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दार किलकिलं करून ऐकलं आणि हळूच लावून घेतलं. खोक्यांच्या चळतीमागून नवऱ्याचं फक्त कपाळ दिसत होतं.

"अगं, सोमवारी रंगारी येतोय. सामान भरायला नको?"

"चादरी टाक वरून."

"पुस्तकांवर?"

"माझ्यावरसुद्धा टाक. पण खोकी नकोत."

तो खोकी घेऊन निमूट खाली गेला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस कारण विचारत नाही, जिने मोजतो. पण तुम्ही विचाराल, म्हणून सांगते. आणि सांगायला मला फार आवडतं, हेही आधीच कबूल केलेलं बरं.

भोपाळचा वैशाख दहाच्या सुमाराला सुरू होतो आणि सहानंतर उसंत देतो. मधला वेळ तो माणसांना घरात कोंडतो. लू, ती भाजून काढणारी झळ, सुटली की अरेरा कॉलनीच्या रस्त्यांवर कुत्रंही दिसत नाही. तलाव काठापासून आत सरकतो, कावळे चोची उघड्या ठेवून बसतात, आणि शिरीषाच्या वाळल्या शेंगा दिवसभर खुळखुळत राहतात. तो आवाज आला की माझ्या नाकाला बारदानाचा वास येतो, जिभेला अळणी वरण लागतं, आणि मी पुन्हा त्या पिवळ्या क्वार्टरमध्ये जाऊन पडते, जिथे आमचं मीठ एका खोक्यात गेलं होतं आणि ते खोकं कुठलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते क्वार्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत होतं. त्या वसाहतीत सगळं सारखं होतं. सारख्या पिवळ्या भिंती, सारखी हिरवी दारं, सारखे गळणारे नळ. नवीन सून चुकून शेजारच्या घरात शिरून भाजी फोडणीला टाकून यायची, इतकं सारखं. दिल्लीहून मोठे साहेब येणार असले की बागकाम खात्याची टोळी निघायची आणि रस्त्यावरच्या एकूणएक झाडाला छातीपर्यंत चुना आणि वर गेरूचा पट्टा ओढत जायची. जे हलत नाही ते रंगवायचं, असा हुकूमच असावा. बाबा एकदा फाटकाशी विचार करत उभे होते, तर आई आतून ओरडली, "अहो, हला थोडं! नाही तर तुम्हालाही मारतील पट्टा."

बाबा कारखान्यात तपासणी विभागात होते. ओतकामातून निघालेल्या लोखंडी वस्तूंवर हातोडी मारून ते कान लावत, आणि केसाएवढी भेग असली तरी त्यांना ऐकू येई. मग ते एकच शब्द उच्चारत: रिजेक्ट. अख्खं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या लोखंडातल्या भेगा शोधल्या. घरी आल्यावर ही सवय बूट काढून ठेवावी तशी दाराशी ठेवता येत नसे. आईच्या पोळ्या, माझं अक्षर, पाहुण्यांची मुलं, सगळ्यांवर हातोडी पडायची.

एकाच गोष्टीला ते कधी रिजेक्ट म्हणाले नाहीत, ती म्हणजे क्वार्टरमागची जमीन. आम्ही राहायला आलो तेव्हा तिथे नुसता मुरूम होता. कुदळ मारली की ठिणगी उडायची. आईने ती जमीन पाहिली आणि कपडे वाळत घालायला दोऱ्या बांधल्या. बाबांनी पाहिली आणि शिरीषाचं रोप आणलं.

बाबांचं गाव काटोलकडचं, संत्र्याच्या मुलखातलं. लहानपणी त्यांच्या भोवती मैलच्या मैल संत्रीच होती. बुंध्याखाली गवताची काडी दिसली तर खुरपायची, बांधावर बाभूळ उगवली तर उपटायची, आणि वरून फवारणी. "आमच्या बागेत एवढी शांतता असायची," ते सांगत, "की फळ गळून पडलं तरी ऐकू यायचं. मला वाटायचं, बागा अशाच असतात." मग एका वर्षी झाडांना रोग लागला आणि पहिल्या झाडापासून शेवटच्यापर्यंत चालत गेला, कारण वाटेत त्याला अडवायला दुसरं काही नव्हतंच. ही गोष्ट ते कारखान्याच्या भाषेत संपवायचे: "एका मशीनवर अख्खा प्लांट चालवणारा माणूस इंजिनिअर नव्हे, जुगारी."

म्हणून आमच्या परसात सगळ्यांना प्रवेश होता. शिरीष सर्वांत वर, सावलीला आणि पानगळीला. त्याच्या बगलेत आंबा आणि आवळा. त्याखाली सीताफळ, लिंबू, पपई, आणि कुंपणाशी शेवगा. आणखी खाली हळद, सुरण, अळू, जिथे ऊन गाळून येतं तिथे. कुंपणावर तूर आणि वालाचे वेल. वसाहतीत सगळे पालापाचोळा झाडून पेटवायचे, बाबा शेजाऱ्यांचाही मागून आणायचे. शेजारच्या तिवारी आंटींची मखमली हिरवळ होती, कडेला गुलाब. त्या आमच्याकडे बघून प्रेमाने म्हणत, "भाभीजी, आपके यहाँ तो जंगल है।" आई म्हणे, "हौ नं. आणि मी त्यातली आदिमाया."

मुरमाची माती व्हायला किती वर्षं गेली ते मला सांगता येणार नाही. मला आठवतं ते एवढंच, की एका हिवाळ्यात बाबांनी हळद काढताना मूठभर माती माझ्या नाकाशी धरली आणि म्हणाले, "ऐक." मातीचा वास ऐकायला सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या मातीत गांडुळं होती, गांडुळांमागे बेडूक आले, बेडकांमागे एक धामण येऊन गेली आणि आईने आठवडाभर मागचं दार उघडलं नाही. शेवग्यावर केसाळ सुरवंट पडले, तेव्हा बाबा फवारा आणतील म्हणून आम्ही वाट बघत होतो. त्यांच्याआधी सातभाई पाखरं आली, कचकच भांडत आली आणि सुरवंट वेचून गेली. शिंपी पक्ष्याने सुरणाची, नाही, चुकले, सीताफळाची दोन पानं शिवून घर केलं. गटाराच्या पाइपाजवळ एक उंबर कुणीही न लावता उगवला. "हे कुणी लावलं?" आईने विचारलं. बाबांनी वर हात केला. देव नव्हे, वटवाघळं. पाखरांना आणि वटवाघळांना फळ द्या, ती तुमच्याच परसात माळीकाम करतात, आणि पगार मागत नाहीत.

हे सगळं फार रम्य वाटतंय ना? आईला विचारा. तिला पहिल्या दिवसापासून नागपूरला परत जायचं होतं. भोपाळ तिच्या लेखी एक लांबलेला मुक्काम होता. नागपुरात धरमपेठेजवळ त्यांनी हौसेने, पोटाला चिमटा काढून एक छोटं घर बांधलं होतं आणि भाऊमामा, म्हणजे आईचा भाऊ, त्याला कुलूप लावून किल्ली जानव्यात बांधून फिरत होता. आई बोलताना "घर" म्हणाली की ते नागपूरचं, "क्वार्टर" म्हणाली की हे. बाबांच्या निवृत्तीची ती अशी वाट पाहत होती, जशी इतर बायका लेकीच्या लग्नाची पाहतात. मी लग्नाला आले होते, पण माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

चैत्रात बाबा निवृत्त झाले. हार, शाल, भिंतीवरचं घड्याळ, आणि घरापर्यंत जीप. जीप वळायच्या आत आईने पहिली सुतळी आवळली. तिने असा झपाटा लावला की संध्याकाळपर्यंत घर खोक्यांत गेलं. कूलर बांधला, पडदे उतरवले, देव डब्यात बसले. बाहेर उरली ती ताटं, एक कढई, स्टोव्ह, खाटा, आणि आम्ही तिघं. मामा नागपूरहून ट्रक घेऊन येणार होता. मध्ये राहिली होती फक्त एक चिठ्ठी. वसाहतीच्या फाटकातून घरसामानाचा ट्रक बाहेर सोडायचा तर क्वार्टर ठीकठाक परत मिळाल्याची चिठ्ठी लागे, आणि ती देणारे सक्सेनाजी पाहणीला येणार होते.

सक्सेनाजी म्हणजे साक्षात मऊपणा. पान खाऊन, हसून बोलणारे. त्यांनी नळ फिरवले, काचा पाहिल्या, दिव्यांचे होल्डर मोजल्यासारखे केले. बाबा मागोमाग बॅटरी घेऊन. "यहाँ सिंक में हेअरक्रॅक है," बाबा म्हणाले. सक्सेनाजी म्हणाले, "साहब, सिंक है, हवाई जहाज़ नहीं है।" मग सगळे परसात गेले. लू सुटलेली असूनही तिथे गारवा होता. सक्सेनाजींनी शिरीषाखाली डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. "वाह. सब ओके है, साहब।" खिशातून पेन काढलं. आई दारात उभी होती. तिने मला चिमटा काढला, इतकी ती खूश होती.

आणि बाबा म्हणाले, "ओके कसं? हमको जब मिला था तब यहाँ खाली मुरूम था. नियम में है, मूल स्थिति में लौटाना है।"

पेन हवेत थांबलं.

"साहब, जाने दीजिए।"

"जाने कैसे दें? स्पेसिफिकेशन में नहीं है।"

सक्सेनाजी मागच्या पायरीवर बसले. त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आहे, कुणीतरी हातात विंचू आणून ठेवलेल्या माणसासारखा. "अब आपने बोल दिया," ते खिन्नपणे म्हणाले, "और मैंने सुन लिया।"

बाबांना झाडं तोडायची नव्हती, हे कुणाला सांगायला नको. त्यांनी फक्त भेग ऐकली आणि तोंडातून शब्द गेला. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "झाडं तुम्हीच लावली, न् फितूरही तुम्हीच झाले! काहून बोलले हो? कोणी विचारलं होतं तुम्हाला?"

आता नियमाप्रमाणे जमीन मोकळी करून द्यायची होती. बाबा बागकाम खात्यात गेले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, वसाहतीतलं हिरवं झाड तोडायला सक्त मनाई आहे. बाबा सक्सेनाजींकडे आले. झाडं असेपर्यंत चिठ्ठी नाही. बाबा पुन्हा बागकामात. झाडं तोडायची नाहीत. दोन्ही खाती शंभर टक्के नियमात होती, आणि बाबांची पंचाईत अशी, की त्यांना दोन्ही पटत होती. ते रोज सकाळी टोपी घालून निघत आणि दुपारी लाल होऊन परत येत. "काय झालं?" आई विचारी. "बरोबर आहे त्यांचं," बाबा म्हणत.

अशी आमची कैद सुरू झाली. वरवर पाहता आम्ही कुठेही जाऊ शकत होतो, फाटकावर माणसांना कुणी अडवत नव्हतं. पण घर खोक्यांत बंद असलं की माणूसही बंद होतो. लागेल ती वस्तू तळाच्या खोक्यात असायची. मीठ गेलं, सुई गेली, माझी उन्हाळी पुस्तकं गेली. खोकी सोडायची तर आईचा विरोध, "सोडलं की राहिलो इथेच!" सुतळीच्या त्या गाठी म्हणजे तिचा नागपूरवरचा हक्क होता. मी बी.ए.ची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होते, तेव्हा मीही ना इकडची ना तिकडची. बिनपडद्यांच्या खोलीत ऊन भिंतीवरून जमिनीवर, जमिनीवरून खोक्यांवर सरकत जाई आणि आम्ही त्याच्या पुढे पुढे सरकत राहू. बोललं की आवाज घुमे. म्हणून बोलणंही कमी झालं.

शेवटी आम्ही खाटा उचलल्या आणि परसात गेलो. दुसरा इलाजच नव्हता.

तिथे आई पहिल्यांदा बसली. इतकी वर्षं ती त्या परसातून फक्त ये-जा करत होती, कढीपत्त्याला, कपड्यांना. आता तिला काम नव्हतं. स्वयंपाक चुलीवर शिरीषाखाली व्हायचा, आणि जे समोर लटकेल त्याचा व्हायचा. शेवग्याच्या शेंगा, कच्ची पपई, कैरी, अळूची पानं. मीठ तिवारी आंटींकडून. आम्ही अडकलो आणि बाबांचा जुगार नसलेला प्लांट आम्हाला निमूट जेवू घालत राहिला. वर शिरीष फुलला होता, पोपटी केसरांचे गोंडे अंगावर पडत, आणि आई ते केसांतून काढत वर बघत असे. वर बघता बघता तिला ते दिसलं.

शिरीषाची एक फांदी फार पूर्वीच्या वादळात मोडली होती आणि तिथे ढोली पडली होती. त्या ढोलीचं तोंड लिंपलेलं होतं. मध्ये बोटभर फट.

"हे पाहा," आई बाबांना म्हणाली, "झाडालाही पुट्टी लावली काय तुम्ही? सक्सेनाजींना भेग दिसू नये म्हणून?"

बाबांनी चष्मा पुसला. फटीतून एक वाकडी चोच बाहेर आली आणि आत गेली. बाबा इतक्या हळू आवाजात बोलले की मला त्यांचा आवाज ओळखूच आला नाही. "धनेश आहे. मादी. अंडी घालायला आत बसली."

"न् दार कोणी लावलं?"

"तिनेच. आतून लिंपून घेते. पिल्लं मोठी होईपर्यंत बाहेर येत नाही. नर बाहेरून भरवतो."

आईने त्या फटीकडे बराच वेळ पाहिलं. "तिनेच लिंपून घेतलं, असं नवरेच सांगत असतील," ती म्हणाली.

पण त्या दिवसापासून ती तिथून हलेना. नर यायचा तो आधी ऐकू यायचा, घिरट्या घालणाऱ्या घारीसारखी लांबट किंकाळी. मग चार फटकारे आणि एक तरंग, चार फटकारे आणि एक तरंग, असा तो राखाडी, लांब शेपटीचा, चोचीवर शिंग घेऊन फिरणारा गृहस्थ येऊन बसे. इकडेतिकडे बघे. आणि घशातून एकेक उंबर काढून फटीत देई, एखाद्याने खिशातून सुपाऱ्या काढाव्यात तसा. कधी सरडा आणी. आई त्याच्यावर हातोडी मारायला लागली. "उशीर केला आज." "हे काय, एकच फळ?" "बायकोला कोंडून हा गावभर फिरून राहिला, पाहा!" बाबा खाटेवर पडल्या पडल्या ऐकत. एकदा ती सहज म्हणाली, "मला नाही कधी असं आणून भरवलं." बाबा उठले, स्टोव्ह पेटवला आणि चहा केला. बिनसाखरेचा. साखर खोक्यात होती.

मी त्या बाईचा, म्हणजे धनेशीणबाईंचा, फार विचार केला तेव्हा. अजूनही करते. ती स्वतःला कोंडून घेते ती कशाच्या भरवशावर? नवऱ्याच्या, असं आई म्हणायची. मला वाटतं, नवरा हा त्यातला लहान भाग. ती कोंडून घेते, कारण पाइपाजवळ उंबर आहे. वसाहतीच्या देवळामागे पिंपळ पिकतो आहे. शेवग्यावर सरडे आहेत, कारण शेवग्यावर किडे आहेत, कारण कुणी फवारलं नाही. भर वैशाखात, सगळं करपत असताना, आज एक फळ संपलं तर उद्या दुसरं पिकेल, हा हिशोब तिने आत जाण्याआधी मांडलेला असतो. ढोली असलेलं झाड तुम्ही एकटं माळावर उभं करा, ती त्यात पाऊल टाकणार नाही. घराला भोवती बाजार लागतो. बाबांनी वर्षानुवर्षं, हळद आणि अळू लावतोय असं समजून, तो बाजार बसवला होता.

मागच्या वर्षी आम्ही वर्षाचे गहू घ्यायला करोंदच्या मंडईत गेलो आणि तिथून पुढे एका ओळखीच्यांच्या शेतावर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन. गहू कापून उरलेले बुडखे, ज्यांना इकडे नरवाई म्हणतात, ते पेटवून दिलेले. क्षितिजापर्यंत एक झाड नाही, एक पाखरू नाही, मला बाबांची संत्र्याची बाग आठवली आणि गाडीच्या काचा बंद असूनही ती शांतता ऐकू आली. मग अचानक ओळींनी आवळा आणि आंबे, बांधावर मोहाची जुनी झाडं, आणि ओळींच्या मधल्या पट्ट्यात गव्हाचं न जाळलेलं बुडखं. मालकांना मी विचारलं, झाडं आड येत नाहीत? ते म्हणाले, "ट्रॅक्टर चलाते समय रोज़ गाली देता हूँ, बहनजी। दोपहर में खाट डालता हूँ तो वापस ले लेता हूँ।" मोहावर दोन राखाडी पाखरं होती. मी गाडीतून उतरून इतक्या मोठ्याने ओरडले की ती उडून गेली.

तर, परसात आम्ही असे बंदिवान. झाडात एक, झाडाखाली तिघं. बाबांकडे पाहून मला वाटायचं, यांनीही स्वतःला आतूनच लिंपून घेतलंय, आणि यांना तर फटही ठेवता आली नाही. ते एकदा सक्सेनाजींकडे जाऊन सांगून आले, की झाडात पक्षी बसलाय, निदान तो निघेपर्यंत थांबा. सक्सेनाजी हळहळले. म्हणाले, "साहब, मैं समझता हूँ। पर चिड़िया तो अलॉटी नहीं है।" क्वार्टर पाखराच्या नावावर नव्हतं, हे खरंच होतं. बाबा घरी आले. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले, पण या वेळी त्यांनी टोपी काढून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी घातली नाही.

आणि मग, आमच्या दुर्दैवाने, सरकारने काम केलं. दोन्ही खात्यांचे साहेब कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले, आणि जिलबी संपायच्या आत ठरलं. खास बाब म्हणून झाडं तोडायला परवानगी. आईला ही बातमी तिवारी आंटींनी पेढा देऊन सांगितली. आईने पेढा घेतला, मामाला तार केली, आणि संध्याकाळपर्यंत शिरीषाखालून उठली नाही.

ठरल्या दिवशी सकाळीच मामा ट्रक घेऊन हजर झाला. "काय ताई, सुटली एकदाची!" तो म्हणाला, आणि ड्रायव्हरला हाताशी घेऊन खोकी चढवायला लागला. मागच्या बाजूने टोळी आली, कुऱ्हाडी, करवत, दोर. सक्सेनाजी सोबत, चिठ्ठी लिहून तयार. फक्त सही बाकी. आई प्रवासाची साडी नेसून, देवांचा डबा मांडीवर घेऊन ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसली. समोर बघत. मी तिच्याजवळ खाली उभी. मागून आवाज येत होते. पपई एका घावात पडते, तिचा आवाजही होत नाही, फक्त धप्प. मग लिंबू. मग सीताफळ. मग एकेक करून बाकीची. शिंप्याचं जोडपं आमच्या डोक्यावरून टिवटिवत गेलं. आई समोरच बघत होती. बाबा परसात उभे होते, हातात बॅटरी, भर उन्हात. स्वतः दाखवलेल्या भेगेवर ते काय बोलणार?

मग धनेशाची किंकाळी ऐकू आली.

तो फळ घेऊन आला होता आणि शिरीषावर माणूस चढला होता. दोर बांधत होता. धनेश बसला नाही. चार फटकारे, एक तरंग, असा क्वार्टरवरून गोल फिरत राहिला, ट्रकवरून, आमच्यावरून, पुन्हा शिरीषाकडे. चोचीत उंबर तसाच. आईने वर पाहिलं. मग तिने देवांचा डबा माझ्या हातात दिला आणि केबिनमधून उतरली. साडीचा काठ पायरीत अडकून फाटला, तिने पाहिलंही नाही.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे शेवट मला आईसाठी मोकळा ठेवता येईल. ट्रक त्या दिवशी खोकी उतरवून रिकामा परत गेला. मामा मांडीवर एक पडलेली पपई घेऊन, भाचीसकट साऱ्या खानदानाला शिव्या देत गेला. मृगाच्या तोंडाशी ढोली फुटली आणि बाई बाहेर पडल्या, पिसं विस्कटलेल्या, सुजल्यासारख्या. पाठोपाठ पिल्लं. सक्सेनाजींनी त्यानंतर चिठ्ठीवर सही कुठल्या नियमात केली हे त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. शिरीष अजून आहे, नव्या लोकांनी खाली स्कूटरची शेड घातली आहे. आई-बाबा नागपूरला गेले. तिथे कुंडीत तुळस सोडून काही लावायचं नाही, ही अट आईने घातली, आणि बाबांनी ती कशी पाळली असेल ते तुम्हीच ओळखा. भोपाळला कधीच न रमलेल्या बाईची लेक मात्र इथल्याच घरात पडली आणि इथेच अडकली.

पण त्या दुपारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. इतकंच ठाऊक होतं की चिठ्ठी तयार आहे, ट्रक भरत आलाय, आणि आज निघालो नाही तर पुन्हा कधी ते कुणी सांगू शकत नाही. आई घरातून न जाता भिंतीच्या बाजूने परसात आली. पडलेल्या सीताफळावरून ओलांडून गेली. बाबांच्या बाजूने गेली, त्यांच्याकडे पाहिलं नाही. शिरीषाला पाठ लावून उभी राहिली.

"माताजी," सक्सेनाजी काकुळतीने म्हणाले, "बस यही एक बचा है। ये गिरा, और आपकी पर्ची आपके हाथ में। आप ही तो जाना चाहती थीं!"

आणि माझी आई, जिला भोपाळमध्ये इतकी वर्षं काढूनही धड हिंदी आली नव्हती, सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "हाथ मत लगाना! अंदर बाळंतीण है नं, बापा! पहले वो निकलेगी, फिर मैं निकलूँगी!"